सात सेंटिमीटरचे अस्वल

एखाद्या दिवाणखान्याच्या छायाचित्रात सोफ्याशेजारी सत्तर सेंटिमीटर उंचीचे बेअरब्रिक, म्हणजे संग्राहक जमवतात ते प्लास्टिकचे जपानी खेळण्यातले अस्वल, उभे दिसले की मला त्या अस्वलाची थोडी कीवच येते, कारण त्याचा जन्म फर्निचरची शोभा वाढवण्यासाठी झालेला नव्हता. २७ मे २००१ रोजी टोकियोतील एका कॅरेक्टर (खेळण्यांतील व कार्टूनमधील पात्रांच्या) प्रदर्शनात मेडिकॉम टॉय या कंपनीने आलेल्या प्रेक्षकांना ते चक्क फुकट वाटले होते, आणि तेव्हा त्याची उंची होती अवघी सात सेंटिमीटर. आजही संग्राहकांच्या भाषेत हाच आकार ‘शंभर टक्के’ मानला जातो. अठ्ठावीस सेंटिमीटरचे ते ‘चारशे’ आणि सत्तरचे ते ‘हजार’.

माझे मत असे की बेअरब्रिकची खरी गंमत या शंभर टक्क्यांतच आहे. डोके, धड, कंबर, दोन हात, दोन पंजे आणि दोन पाय असे नऊ सुटे भाग, गोल कान, पुढे आलेले पोट, आणि हा साचा बहुधा जराही बदलायचा नाही, ही एकच अट. मग त्यावर भूत काढा, झेंडा काढा, नाहीतर अमेरिकी चित्रकार बास्किया याचे चित्र छापा. ओवीचा घाट ठरलेला असूनही जात्यावर बसलेली प्रत्येक बाई त्यात आपलेच काहीतरी सांगते, तसे काहीसे येथे घडते. ज्या प्राण्याला मुळात असे कान नाहीत तो याच गोल कानांत बसवताना रंगकाराने केलेली युक्ती पाहण्यात माझा बराच वेळ जातो.

वर्षाला साधारण दोन मालिका निघतात आणि प्रत्येकीत बेसिक, जेलीबीन, पॅटर्न, फ्लॅग, हॉरर, क्यूट, ॲनिमल असे ठरलेले विषय असतात. खोके बंद असते. आत काय निघेल ते नशीब. मात्र कोणता प्रकार किती टक्के, हे बहुतेकांच्या बाबतीत खोक्यावरच छापलेले असते. ‘बेसिक’चे प्रमाण बऱ्याच मालिकांत १४.५८ टक्के, म्हणजे ९६ खोक्यांत १४, असते, आणि त्या एकरंगी अस्वलांवर BE@RBRICK या इंग्रजी नावातील नऊ चिन्हांपैकी एकेक असते. ‘सिक्रेट’ नावाच्या दुर्मीळ नगांचे गणित मात्र झाकलेलेच राहते, आणि खिसा रिकामा होतो तो तेथेच. हा जुगार आहे, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही.

करिमोकू या जपानी फर्निचर कंपनीने घडवलेली लाकडी अस्वले देखणी आहेत, हे मान्य करतो. पण लाकडाच्या रेषा सुंदर दिसतात त्या लाकडामुळे. तेथे अस्वल निमित्तमात्र उरते. माझ्या टेबलावर एक पारदर्शक जेलीबीन आहे. त्यावर चित्र नाही, अक्षर नाही, बाजारात त्याला फारसा भावही नाही, आणि सकाळी खिडकीतून ऊन आले की त्याच्या पोटातला सांधा स्पष्ट दिसतो.