दोष फक्त ट्रकवाल्याचा?

पुण्यात मुंबई-बेंगळुरू हायवेवरच्या नवले पुलाजवळ होणाऱ्या अपघातांवरचा लेख वाचला. त्यांचं सगळं खापर लेखकाने गाडी न्यूट्रलवर टाकून (म्हणजे गिअर काढून) उतार उतरणाऱ्या ट्रकवाल्यांवर फोडलंय. डिझेल वाचवायला तसं करणारे आहेतच, पण कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतार संपता संपत नाही. गिअरमध्ये उतरणाऱ्या लोड गाडीचेही ब्रेक खाली येईपर्यंत तापतात. आणि उतार संपतो कुठे? नऱ्हे-वडगावची ऑफिसला निघालेली गर्दी हायवेवर घुसते, नेमकं तिथेच!

मी आंबेगावहून हिंजवडीला याच रस्त्याने जातो. सर्व्हिस रोड सलग नाही, त्यामुळे दोन किलोमीटरवर जाणारा स्कूटरवालासुद्धा कंटेनरच्या पुढ्यात येतो. स्पीड कॅमेरे खुशाल लावा, पण तापलेल्या ब्रेकला चलन पाठवून गाडी थांबत नाही. आधी सर्व्हिस रोड जोडा, मग दंडाचं बोलू.