अ‍ॅप ज्यांच्यासाठी असते, ती माणसे ते ठरवताना कुठे असतात?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत शहरात राहण्याचे बहुतेक व्यवहार मोबाइलमध्ये गेले. रेशन, पेन्शन, उत्पन्नाचा दाखला, दवाखान्याचा नंबर, नळाची तक्रार, मुलाचा शाळाप्रवेश, यांपैकी प्रत्येकाला आज कुठे ना कुठे ओटीपी लागतोच. घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलात राहणाऱ्या माणसाची यात रांग वाचली, अर्ध्या दिवसाची रजा वाचली, आणि हा फायदा मला मुळीच छोटा वाटत नाही. परंतु त्याच ठाण्यात लोकमान्यनगर, किसननगर, मुंब्रा, दिवा आणि येऊरचे पाडेही आहेत, आणि तिथल्या ज्या माणसाला सरकारी मदतीची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच या नव्या दारातून आत जाणे सर्वांत अवघड पडते, असे मी सातत्याने पाहते आहे. मी ऐरोलीत बरीच वर्षे सॉफ्टवेअर तपासणीचे काम केले आणि आता सुट्टीच्या दिवशी वागळे इस्टेटजवळच्या एका वस्तीत लोकांचे अर्ज भरून द्यायला बसते. या दोन्ही कामांतून माझे एक मत पक्के झाले आहे. वंचित रहिवाशांसाठीचे डिजिटल साधन त्यांच्याबरोबर बसून बनवायला हवे, आणि 'बरोबर बसून' याचा अर्थ त्यांना निर्णयात वाटा, कामाचा मोबदला आणि 'हे आम्हाला नको' असे म्हणण्याचा अधिकार असायला हवा. यातले काही कमी असेल, तर त्याला मी सहभाग म्हणणार नाही.

आधी अडचण नेमकी कुठे असते ते सांगते, कारण ती बहुधा आपल्याला वाटते तिथे नसते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक ताई अर्जासाठी आल्या होत्या. वर्षानुवर्षे साबणाच्या पाण्यात राहून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यामुळे मशीनवर अंगठा लागत नाही. ओटीपी मागवला, तर आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा त्या वेळी पार्सल घेऊन भिवंडीच्या रस्त्यावर. त्याने गाडी बाजूला घेऊन आकडे वाचून दाखवेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदा तेच झाले. तेव्हा त्या म्हणाल्या, "मी इथं बसलेय, माझं कार्ड इथं आहे, तोंड इथं आहे, तरी मी मीच आहे हे पोराला विचारायचं का?" त्या ताईंना तंत्रज्ञान कळत नव्हते असे अजिबात नाही. त्या व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवतात, भाजीवाल्याला क्यूआर कोडवर पैसे देतात. घोटाळा झाला तो एका गृहीतकामुळे. एका माणसाचा एक फोन, एक नंबर आणि तो सदैव त्याच्याच हातात, असे कुणीतरी कार्यालयात बसून मनाशी धरले होते. पाच जणांच्या घरात दोन फोन असतात आणि त्यांतला एक दिवसभर बाहेर असतो, हे त्या वस्तीतली कोणतीही बाई सांगू शकली असती. तिला कुणी विचारलेच नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर कसे घडते, ते लाडकी बहीण योजनेत सगळ्या राज्याने पाहिले. २०२४ साली सुरू झालेल्या या योजनेत महिन्याला १५०० रुपये थेट खात्यात येतात आणि अनेक घरांत त्या पैशांमुळे बाईच्या शब्दाला वजन आले, हे मी जवळून पाहिले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, आली आणि तिच्यात बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर पती किंवा वडील यांच्या आधारची पडताळणी मागितली गेली. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, ज्यांचा घटस्फोट झाला आहे, ज्यांना नवऱ्याने टाकले आहे, त्यांनी त्या रकान्यात काय भरायचे? पुढे अशा महिलांसाठी सवलत द्यावी लागली. ती दिली हे योग्यच झाले. पण कळव्यातल्या नाहीतर कोपरखैरण्यातल्या चार एकल महिलांना समोर बसवून तो अर्ज आधी दाखवला असता, तर ही त्रुटी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आली असती आणि मधल्या काळातली त्यांची धावपळ, धास्ती आणि बुडालेले रोज वाचले असते.

त्याच्या आधी २०२१ मध्ये कोविनचा, म्हणजे कोविड लसीच्या नोंदणीसाठीच्या सरकारी पोर्टलचा, अनुभव आपण घेतला होता. १८ ते ४४ वयोगटाची लस सुरू झाली तेव्हा नोंदणी ऑनलाइनच करावी लागत होती आणि पोर्टल फक्त इंग्रजीत होते. ज्यांचे इंटरनेट वेगवान त्यांना नंबर लागत गेले. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या केंद्रांवर शहरातली माणसे गाड्या घेऊन पोहोचली आणि गावातली माणसे बाजूला उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीबद्दल सरकारला स्पष्ट शब्दांत विचारले. त्याच सुमारास केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची सोय मिळू लागली आणि काही दिवसांत भारतीय भाषाही आल्या. म्हणजे दुरुस्ती अशक्य नव्हती, ती अवघडही नव्हती. जे नुकसान झाल्यावर कळले ते आधी कळण्याची व्यवस्थाच नव्हती, एवढेच.

लोकांबरोबर बसून साधने घडवण्याची कल्पना काही नवी नाही. नॉर्वेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकतज्ज्ञ क्रिस्टन नायगार्ड यांनी लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले, ते कारखान्यात येणाऱ्या संगणकावर कामगारांचेही म्हणणे चालावे म्हणून. पुढे १९८० च्या दशकात स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये छपाई कामगारांनी संशोधकांच्या सोबतीने स्वतःच्या कामाची साधने आखून पाहिली. यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की ही सुरुवात कामगार संघटनांच्या ताकदीवर झाली, कुणाच्या दयेवर झाली नाही. आपल्याकडे तर मुंबईतल्या पदपथांवर राहणाऱ्या माणसांनी १९८५ साली स्पार्क या संस्थेच्या मदतीने स्वतःचीच गणना केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पदपथांवरच्या झोपड्या हटवण्याला मुभा देणारा निकाल दिला होता, आणि 'ही माणसे कोण, कुठून आली, करतात काय' याचे उत्तर पालिकेच्या कागदात नव्हते. ते उत्तर त्या माणसांनीच घरोघरी, म्हणजे पदपथा-पदपथावर फिरून तयार केले. तेव्हा हातात संगणक नव्हता, पण माहिती कोणाची आणि ती कशासाठी जमवायची हे त्यांनी ठरवले होते. आज आपल्याकडे टॅब्लेट आहेत, नकाशे आहेत, आणि नेमका तो हक्क हातून सुटला आहे.

दिव्यांगांच्या बाबतीत कायदा आता बराच पुढे आला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञान सुगम असण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगत केवायसीची प्रक्रिया दृष्टिहीनांना आणि अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना करता येईल अशी बनवण्याचे निर्देश दिले. डोळ्यांची उघडझाप करून 'आपण जिवंत आहोत' असे कॅमेऱ्याला दाखवणे ज्यांना शक्यच नाही, त्यांनी ही लढाई लढली. एवढे होऊनही प्रत्यक्ष स्क्रीन कशी असते, हे कोपरीत राहणाऱ्या एका दृष्टिहीन तरुणाने मला दाखवले. तो बोट फिरवतो तसा फोनमधला टॉकबॅक स्क्रीनवर काय आहे ते बोलून सांगतो. एका अर्जावर त्याचा फोन ओळीने नुसते "बटण", "बटण", "बटण" म्हणत गेला, कारण चित्रांच्या बटणांना कुणी नावेच दिली नव्हती. जन्मतारखेसाठी कॅलेंडर होते, ज्यात आजच्या महिन्यापासून त्याच्या जन्मवर्षापर्यंत एकेक महिना मागे जायचे होते. शेवटी चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायची होती आणि तिथे ऐकण्याची सोय नव्हती. सोबतची सूचना म्हणजे कागद स्कॅन करून बनवलेली पीडीएफ, जी त्याच्या फोनच्या दृष्टीने एक कोरे चित्र. ही सगळी तपासणी मी नोकरीत यादी समोर ठेवून केलेली आहे, परंतु कुठल्या क्रमाने माणूस थकतो आणि कुठे येऊन तो अर्ज सोडून देतो, हे त्या यादीत कधीच नव्हते. त्याने सुचवलेल्या दुरुस्त्या मात्र साध्या होत्या: बटणांना मराठी नावे द्या, तारीख टाइप करू द्या, सूचना फोनला वाचून दाखवता येईल अशा युनिकोड मजकुरात द्या, ओटीपी फोन करून सांगा.

आता ज्या अनुभवामुळे मी हे लिहायला बसले तो सांगते. एका वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाच्या तक्रारींसाठी काही उत्साही तरुण मंडळी अ‍ॅप बनवणार होती. फोटो काढायचा, ठिकाण आपोआप नोंदले जाईल, तक्रारदाराचे नाव येईल, असा आराखडा होता. वस्तीतल्या बायकांना समाजमंदिरात बोलावले आणि एकेक गोष्ट गळू लागली. एक बाई म्हणाली, "तक्रारच लाइट नसल्याची आहे, तर फोटो कसा निघणार?" दुसरीने सांगितले की नाव दिसले तर देखभालीचा माणूस दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहतो. तिसरीने सांगितले की महिनाअखेरीस निम्म्या फोनांचा रिचार्ज संपलेला असतो. शौचालयात कुणी मोबाइल उघडून फोटो काढतेय ही कल्पनाच त्यांना नको होती, आणि त्यामागची भीती पुरुषांच्या लक्षात आली नव्हती. अखेर त्यांनी मागितले ते असे: मिस्ड कॉल देता येईल असा एक नंबर, उलट फोनवर बाईचा आवाज, मराठी किंवा हिंदीत तीन प्रश्न, आणि शौचालयाच्या दारावर एक फळा, ज्यावर तक्रारीची तारीख आणि काम झाल्याची तारीख खडूने लिहिली जाईल. त्या फळ्यावर त्या अडून बसल्या. तक्रार कुठे पोहोचली हे मोबाइल नसलेल्या आजीलाही दिसले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. तरुणांनी अ‍ॅपचा हट्ट सोडला, याचे मला खरोखर कौतुक वाटते, कारण बनवून दाखवण्यासारखे त्यांच्याकडे फारसे काही उरले नव्हते.

अशा बैठकांना येणाऱ्यांच्या वेळेचे पैसे द्यायला हवेत, हे मी आग्रहाने म्हणते. वाशीच्या एखाद्या वातानुकूलित सभागृहात सकाळी अकराला कार्यशाळा ठेवायची, तुर्भे स्टोअरच्या कचरावेचक बाईने आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराने रोज बुडवून यायचे, आणि जाताना हातात वडापाव आणि प्रमाणपत्र, हा अन्याय आहे. त्याच खोलीतल्या सल्लागाराला तासाचे पैसे मिळत असतात. जिच्या अनुभवावर साधन उभे राहणार आहे तिची मजुरी अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत यावी. बैठक तिच्या वस्तीत, तिच्या सवडीने, म्हणजे बहुधा दुपारी दोन ते चार किंवा रात्री जेवणानंतर व्हावी. लहान मुले सोबत येणार हे धरूनच चालावे.

आणखी एक माणूस आराखड्यात कायम विसरला जातो, तो म्हणजे मदत करणारा. अर्ज प्रत्यक्षात भरतो महा ई-सेवा केंद्रातला मुलगा, झेरॉक्सवाला, अंगणवाडी सेविका किंवा नववीतली नात. त्यांच्यासाठी स्क्रीनवर काहीच सोय नसते, म्हणून आजीचा पासवर्ड दुकानदाराच्या वहीत लिहिलेला आढळतो. दुसऱ्याच्या वतीने अर्ज भरताना किती माहिती मदतनिसाला दिसावी आणि शेवटची संमती अर्जदाराने कशी द्यावी, हे त्या मुलाला आणि त्या आजीला एकत्र बसवूनच ठरवता येईल. माहितीची भीतीही त्याच बैठकीत बोलली जाते. फेरीवाल्याला विचारा, तो नकाशावर आपली जागा दाखवायला कचरतो, कारण सोयीसाठी केलेली यादी उद्या उठवण्यासाठी वापरली जाईल असे त्याला वाटते. ती भीती निराधार आहे असे मी त्याला सांगू शकत नाही. २०२३ चा माहिती संरक्षण कायदा संमतीची भाषा बोलतो, पण यादी कुणाला मिळणार नाही याचे लेखी आश्वासन त्याच्या हातात असले तरच त्या संमतीला अर्थ आहे.

या सगळ्यात वेळ जातो, असा आक्षेप अधिकारी मित्र घेतात. जातोच. दोन महिने जास्त लागतील. परंतु अ‍ॅप आल्यावर खिडकीवर वाढणारी गर्दी, नाकारलेले अर्ज, दुरुस्तीची नवी कंत्राटे आणि अर्ध्यावर सोडलेल्या योजना यांचा हिशेब कुणी मांडत नाही म्हणून लोकांना न विचारता बनवण्याचा मार्ग स्वस्त वाटतो.

ठाण्याची स्मार्ट सिटी अभियानात निवड २०१६ साली झाली आणि ते अभियान मार्च २०२५ मध्ये संपले. पुढचे डिजिटल काम आता पालिकांच्या स्वतःच्या निविदांमधून होईल, म्हणून माझी मागणी ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांकडे, निविदेच्या भाषेतच आहे. नागरिकांसाठीच्या प्रत्येक डिजिटल कामात रहिवाशांचा तपासणी गट असावा. त्यात घरकामगार, नाका कामगार, एकटे राहणारे ज्येष्ठ, दृष्टिहीन आणि कर्णबधिर व्यक्ती असाव्यात, आणि त्यांना मानधन मिळावे. नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी (शिक्षण-प्रशिक्षण) केंद्र वाशीत आहेच, तिथून सुरुवात करायला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. कंत्राटदाराच्या बिलाचा ठरावीक हिस्सा या गटाने सही केल्यावरच द्यावा, आणि गटाचे आक्षेप व त्यांवर काय केले हे पालिकेच्या संकेतस्थळावर आणि प्रभाग समितीच्या फलकावर मराठीत लावावे. त्याच निविदेत आणखी एक अट घालावी, की ऑनलाइन सोय सुरू झाली तरी कागदी अर्जाची खिडकी बंद होणार नाही आणि तिथल्या अर्जालाही तीच पावती, तोच क्रमांक आणि तीच मुदत मिळेल.