चिरंजीवांना कसोटी खेळवायचीय? निवड टाळा

चिरंजीवांनी भारताकडून कसोटी खेळावी असं वाटतं ना? मग संघात निवड तेवढी होऊ देऊ नका. निवड झालेल्यांचे हाल २०२०-२१च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बघितलेत ना? शमीचा हात ॲडलेडला मोडला, उमेशची पोटरी मेलबर्नला गेली, जडेजाचा अंगठा आणि विहारीची मांडी सिडनीत. ब्रिस्बेनला पोचेपर्यंत अश्विन आणि बुमराहही त्याच रांगेत.

एरवी अशा वेळी मुंबईहून, क्रिकेट मंडळाकडून फोन जातो आणि कुणीतरी बॅग भरून विमानात बसतं. महामारीत मात्र उतरल्याबरोबर १४ दिवस विलगीकरण; तोवर मालिका आटोपलेली. मग सरावाच्या नेटमध्ये चेंडू कोण टाकतंय तेच बघायचं. नटराजन तसा नेट बोलर म्हणून गेला आणि एकाच दौऱ्यात तिन्ही प्रकारांत पदार्पण करून आला. वॉशिंग्टन सुंदरला टी-ट्वेंटीनंतर सरावापुरतं थांबवून घेतलेलं. त्याच्याकडे कसोटीत लागणारे पांढरे पॅडसुद्धा नव्हते. गडी उंच, दुसऱ्याचे बसेनात. कसोटी सुरू झाल्यावर दुकानातून आणले. त्या पॅडवर ६२ धावा! तेव्हा महागडं किट आत्ताच घेऊ नका. आपल्या पालघरचा शार्दूल २०१८मध्ये पहिल्या कसोटीत १० चेंडू टाकून लंगडत बाहेर गेला होता. दुसरी थेट ही ब्रिस्बेनची: सामन्यात ७ बळी आणि पहिल्या डावात ६७ धावा.

बाकी संस्कार घरीच करा. मुख्य म्हणजे गादी आवरायला शिकवा. ब्रिस्बेनच्या हॉटेलात खोली साफ करायला कुणी येत नव्हतं म्हणे. खेळाडूंनी हॉटेल सोडायचं नाही, प्रेक्षकांनी मात्र तिकीट काढून खुशाल यायचं. विषाणूला तिकीट मिळालं नसावं.

हॉटेलात जेवायला जाऊ नये. १ जानेवारीला मेलबर्नमध्ये पाच खेळाडू जेवायला गेले, एका चाहत्यानं परस्पर बिल भरलं, पंतनं मिठी मारल्याचं जगाला सांगितलं, नंतर शब्द मागे घेतला. तोवर पाचही जण कोविडच्या नियमांपायी संघापासून वेगळे. शेजारच्या टेबलावर आपला मराठी माणूस असता तर बिल भरायचा प्रश्नच आला नसता.

वेगवान गोलंदाज सिराजबद्दल मात्र माझ्याकडे सल्ला नाही. वडील गेले तेव्हा तो सिडनीत विलगीकरणात होता, आणि घरी न जाता खेळायला थांबला. त्याच सिडनीत सीमारेषेवर त्याला प्रेक्षकांच्या शिव्या ऐकाव्या लागल्या. मैदानात मास्कची सक्ती होती. मास्कमागच्या तोंडाचं काय करायचं ते नियमावलीत नव्हतं.

१९ जानेवारी २०२१ला ३२८ धावांचं लक्ष्य गाठून भारतानं गॅबा, म्हणजे ब्रिस्बेनचं मैदान, जिंकलं. १९८८नंतर तिथे ऑस्ट्रेलिया हरली नव्हती. बदली कर्णधार रहाणेनं करंडक नटराजनच्या हातात दिला.

हो, एक राहिलंच. कोहलीला बाळासाठी रजा मिळाली. नेट बोलर रजा मागणार कुणाकडे? नटराजनची मुलगी आयपीएल चालू असताना जन्मली, आणि बापलेकीची पहिली भेट झाली ती दौरा संपल्यावर. तेव्हा चिरंजीवांच्या स्थळाकडे आधी हे बोलून ठेवा.