‘मीठ जळून जातं’ म्हणणाऱ्या वाचकास

समुद्रकाठची खारी हवा विमानाच्या इंजिनाला कशी खाते, यावरच्या माझ्या मागच्या लेखावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे: “मीठ ८०१ अंशांना वितळतं, टर्बाइनमध्ये १५०० अंश असतात, सगळं जळून जातं. खाऱ्या हवेचा बाऊ गॅरेजवाल्यांनी करावा. तेल, ब्लीड एअर (इंजिनातून काढून घेतलेली दाबाची हवा), एपीयू (विमानातलं छोटं मदतनीस इंजिन) हे तर नुसतं पाल्हाळ.”

पाल्हाळ मान्य. लेख लांबला, मध्ये एखादी आकृती हवी होती. पण ‘गॅरेजवाले’ कशाला? माझी उमेदीची वर्षं दाबोळीला नौदलाच्या हँगरमध्ये इंजिनं उघडण्यात गेली. मतभेद खुशाल मांडा, पण ज्यांचे हात काळे झालेत त्यांना शिकवताना जरा बेतानं. आमच्या वेंगुर्ल्यात अशा पंडितांना काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

आता तुमचे १५०० अंश. अहो, ते तापमान टर्बाइन फिरवणाऱ्या वायूचं, टर्बाइनच्या पात्याचं नव्हे! पात्याचा निकेल मिश्रधातू साधारण १३०० च्या पुढे वितळायला लागतो. तुमच्या हिशेबानं पातं पहिल्याच उड्डाणात पाझरलं असतं. ते टिकतं, कारण कॉम्प्रेसरमधली (पुढे हवा दाबणाऱ्या भागातली) हवा त्याच्या पोटातून खेळवतात आणि बारीक भोकांतून अंगावर सोडतात. धातू वायूपेक्षा कितीतरी थंड राहतो, आणि मीठ त्यावर ठाण मांडतं. शिवाय ते साधं मीठही उरत नाही. इंधनात थोडं गंधक असतंच (एटीएफ या विमानाच्या इंधनात ०.३ टक्क्यापर्यंत चालतं), त्याच्याशी जमून सोडियम सल्फेट होतं. ते ८८४ अंशांना वितळतं, पात्यावरचं ऑक्साइडचं कवच विरघळवतं आणि आतला धातू पोखरत जातं. हेच हॉट कोरोजन. पात्यांना ॲल्युमिनाइडचे लेप काय शोभेसाठी देतात?

बरं, टर्बाइन ठेवा बाजूला. कॉम्प्रेसर तर ज्वलनकक्षाच्या आधी असतो, तिथे मीठ जळणार कशानं? ते पात्यांवर थर धरतं, हवा कमी ओढली जाते, आणि तेवढ्याच जोरासाठी इंजिन जास्त तापतं. पस्तीस हजार फुटांवरून जाणाऱ्याला याची फिकीर नसते. लाटांवरून खालून गस्त घालणाऱ्या तटरक्षक दलाच्या डॉर्नियर विमानाला असते. म्हणून कॉम्प्रेसर वॉश. इंजिन न पेटवता नुसतं स्टार्टरवर फिरवायचं, तोंडाशी शुद्ध पाणी फवारायचं. मागून पहिलं पाणी काळपट, तेलकट येतं, ते निवळेपर्यंत हलायचं नाही. मालवणचा मच्छीमारसुद्धा बंदरात आल्यावर आउटबोर्ड मोटर गोड्या पाण्यानं धुतो. तोही बाऊच करतो म्हणायचा!

इंजिनाच्या वंगणाच्या तेलप्रणालीबद्दल एवढंच: ४ नोव्हेंबर २०१० ला सिंगापूरहून निघालेल्या क्वांटास कंपनीच्या ए३८० विमानामध्ये सदोष बनावटीची एक तेलाची नळी चिरली, तेल पेटलं आणि टर्बाइनची चकती फुटून इंजिनाबाहेर पडली. हे तुमच्या लेखी पाल्हाळ. ब्लीड एअरबद्दल तुमचा नेमका आक्षेप काय तेच कळलं नाही, म्हणून सोडून देतो.

एपीयूवर वेगळा लेख येतो आहे. प्रतिक्रिया जरूर द्या. फक्त या वेळी लेख वाचून द्या.