पुतळ्याला दुखत नाही, म्हणूनच

'पुतळ्यांवर शिकून नर्स होता येत नाही' हे तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. (पुतळे म्हणजे नर्सिंगच्या मुली ज्यावर सराव करतात ते माणसासारखे मॅनिकिन.) मी 22 वर्षं वॉर्डात काढली, आता शिकवते. आम्ही आयव्ही (शिरेतली सलाईनची सुई) लावायला शिकलो ते थेट पेशंटच्या हातावर. एका आजींची शीर माझ्याकडून तीनदा हुकली. चौथ्यांदा त्यांनीच "घे गं बाई, थरथरू नकोस" म्हणत हात पुढे केला. अजून आठवलं की कसंनुसं होतं.

सीपीआरचंच घ्या, म्हणजे हृदय बंद पडलं की छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. छाती 5 ते 6 सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि दर दाबानंतर पूर्ण वर येऊ द्यायची. वाचून हे हाताला कळत नाही. मुली आधी घाबरत घाबरत जेमतेम दाबतात आणि दोन मिनिटांत घामाघूम होतात. (रेसुसी ॲन हा पुतळा 1960 पासून हेच शिकवतोय, नवं फॅड नाही.)

बाकी, आमच्या आधीच्या कॉलेजात महागडा पुतळा वर्षभर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असायचा, इन्स्पेक्शनच्या दिवशी तेवढा बाहेर यायचा. आणि सराव झाल्यावर मुलींसोबत बसून कुठे चुकलं ते बोलायचं असतं, त्याला टाइमटेबलात जागाच नाही. लिहायचं तर यावर लिहा ना.