आवक नोंदवहीत प्लगिन नाही

कोड लिहायच्या एडिटरमध्ये ओळीच्या शेवटी राहून गेलेली मोकळी जागा लाल दिसावी, एवढीच माझी इच्छा होती. ऑफिसातल्या एका मित्राने तेवढंच काम करणारं चिमुकलं प्लगिन लिहिलं होतं. चारचौघांसारखा असतो, तर फाइल उचलून फोल्डरमध्ये टाकली असती आणि चहा गार व्हायच्या आत कामाला लागलो असतो. पण माझा एडिटर निओव्हिम, सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या निक्सच्या ताब्यात आहे. तिथे काहीही उचलून कुठेही टाकायचं नसतं. शेवटी काय हवंय ते अर्धविरामांसकट एका फाइलीत लिहून द्यायचं. कुठून आणायचं, कसं बसवायचं ते निक्स बघून घेतं. म्हणजे, असं म्हणतात.

निओव्हिमचा पूर्वज विम हा एडिटर ब्राम मोलेनारने १९९१ मध्ये बाहेर काढला, निक्स एल्को डॉल्स्ट्राने २००३ मध्ये युट्रेख्ट विद्यापीठात सुरू केलं. दोघेही डच. ज्यांनी समुद्र थोपवला, त्यांना माझं प्लगिन थोपवायला कितीसा वेळ लागणार?

शनिवारी दुपारी सासरे नारायण पेठेतून मेट्रोने आमच्याकडे कोथरूडला आले. हयात लेखापरीक्षणात गेलेली. किराण्याच्या छापील बिलाची बेरीजही ते अजून हाताने पडताळतात. माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "जावईबापू, हा लाल मजकूर कसला?"

लाल मजकुराचं म्हणणं असं होतं, की मी आत्ता बनवलेली फाइल अस्तित्वातच नाही. फाइल शेजारच्या खिडकीत उघडी, कर्सर तिच्यात लुकलुकतोय, आणि हे म्हणतंय नाही. फ्लेक (निक्सची मांडणी ठरावीक साच्यात लिहायची पद्धत) वापरला की फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या दप्तरी असलेल्या फाइलीच निक्सला दिसतात. नव्या फाइलीवर आधी 'गिट ॲड' चालवावं लागतं. हे मी सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, जरा रडवेल्या सुरात सांगितलं.

"बरोबरच आहे की," बाबा म्हणाले. "आवक नोंदवहीत नोंद नाही म्हणजे कागद आलाच नाही. टेबलावर असेना का."

आणि खुर्ची ओढून बसले.

पुढे हॅश, म्हणजे मालावरून काढलेला, त्याच्या बोटाच्या ठशासारखा आकडा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून प्लगिन मागवायचं, तर मालकाचं नाव, रेपोचं (प्रकल्पाच्या फोल्डरचं) नाव, नेमकी कमिट (बदलाची नोंद) आणि येणाऱ्या मालाचा एसएचए-२५६ हॅश, सगळं आधी लिहून द्यावं लागतं. माल यायच्या आधी त्याचा हॅश मला कुठून कळणार? त्यावर सगळे वापरतात ती युक्ती अशी, की सरळ खोटा हॅश लिहायचा. निक्सच्या लायब्ररीत त्यासाठी 'फेकहॅश' नावाची खास सोयच आहे: ४३ वेळा कॅपिटल 'ए' आणि शेवटी बरोबरचं चिन्ह. मग बिल्ड सोडायचं. निक्स माल आणतं, मोजतं, भडकतं, आणि भडकल्या तोंडाने 'स्पेसिफाइड'पुढे आपला खोटा व 'गॉट'पुढे खरा हॅश छापून मोकळं होतं. तो खरा उचलून वर डकवायचा.

"म्हणजे आधी खोटा आकडा टाकायचा," बाबा सावकाश म्हणाले, "ऑडिटरने आक्षेप घ्यायचा, आणि त्याच्याच आक्षेपातून खरा आकडा उतरवून घ्यायचा?"

"हो."

"आमच्याकडे हे सगळेच करायचे. पण त्यासाठी कोणी लायब्ररी नव्हती काढली."

तेवढ्यात मित्राचा निरोप: रीडमीतलं, म्हणजे प्लगिनच्या माहितीपत्रकातलं, एक स्पेलिंग सुधारलंय. म्हणजे नवी कमिट, नवा हॅश, पुन्हा खोटं, पुन्हा आक्षेप. बरं, नुसती कमिट बदलून हॅश जुनाच ठेवला, तर निक्स चकार शब्द न काढता जुनाच माल हातात ठेवतं. मला हे भडकण्यापेक्षा भयंकर वाटतं.

अखेर लाल जागा दिसली. मला तेवढ्यात आनंद होता, बाबांना मात्र माल कुठे जमा झाला ते प्रत्यक्ष बघायचं होतं. निक्स स्टोअर उघडलं. ३२ अक्षरांचं अगम्य नाव, त्याला जोडून प्लगिनचं नाव, आणि तारीख १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. खालच्या ओळीलाही तीच. तिच्या खालच्या ओळीलाही.

बाबा उठून उभे राहिले. "सगळे कागद एकाच पहाटे?"

केव्हा बनवलं यावरून मालात फरक पडू नये म्हणून निक्स सगळ्या तारखा पुसून एकच घालतं, हे मी परोपरीने समजावलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की लेकीचं लग्न करताना आपण काय काय पडताळलं नव्हतं ते त्यांना आठवत असावं.

होम मॅनेजर या निक्सच्या जोडीदार साधनाच्या पिढ्या पाहून ते जरा निवळले. प्रत्येक बदलाची स्वतंत्र नोंद, खऱ्या तारखेसह, आणि वाटेल तेव्हा मागच्या पिढीवर परत जायची सोय. माझी डिस्क ९४ टक्के भरली आहे ती याच नोंदींनी. मी म्हटलं, आता जुन्या पिढ्या झाडून टाकतो, एका आज्ञेचं काम आहे.

"रेकॉर्ड नष्ट करायचं तर समिती लागते," बाबा म्हणाले.

समिती नेमली आहे. अध्यक्ष बाबा, सदस्य मी. पहिल्या बैठकीत गणपूर्तीच्या मुद्द्यावर चर्चा झाली.