रोममध्ये कारावाज्जो फुकट बघता येतो, पण दुपारी नाही

कलोसियम, त्रेवीच्या कारंज्यात नाणं, व्हॅटिकनची रेटारेटी आणि रात्री बटर चिकन. टूरवाल्यांचं रोम एवढ्यावर आटोपतं. माझं म्हणणं, त्यातला एक दिवस काढून घ्या. कारावाज्जो या चारशे वर्षांपूर्वीच्या इटालियन चित्रकाराची सहा मोठी चित्रं तीन चर्चमध्ये, ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर आहेत. तिकीट नाही. खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबायचं, बस्स.

सुरुवात सान लुईजी देई फ्रांचेझीपासून. सकाळीच पोचा, भर दुपारी दार बंद. डावीकडचं शेवटचं चॅपेल, म्हणजे चर्चमधलंच छोटं प्रार्थनास्थळ, तिथे संत मॅथ्यूची तीन चित्रं. दिव्यासाठी पेटीत नाणं टाकायचं, म्हणून युरोची सुटी नाणी खिशात असू द्या. गर्दीत दुसरं कोणीतरी टाकतंच म्हणा! पण दिवा विझल्यावर लगेच निघू नका. डाव्या भिंतीवरच्या चित्रात उजेड उजवीकडून येतो आणि चॅपेलची खरी खिडकीही त्याच बाजूला, वेदीच्या वर आहे. ही गंमत दिव्याच्या झगमगाटात कळत नाही.

तिथून पाच मिनिटांवर सान्तागोस्तिनो. आत शिरल्यावर डावीकडचं पहिलंच चॅपेल. मेरीपुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळवे थेट आपल्या तोंडासमोर येतात. आपल्या वारकऱ्यांचे असतात तसेच.

आता चर्चं बंद, म्हणजे जेवणाची वेळ. काचो ए पेपे मागवा: पास्ता, पेकोरिनो चीज, मिरी, पास्ता उकडलेलं पाणी. लोणी नाही, क्रीम नाही. पदार्थ सोपा वाटतो, पण भांडं जास्त तापलेलं असताना चीज घातलं की त्यातली प्रथिनं आकसतात आणि गुठळ्या होतात. ताटलीत पांढरे गोळे आणि खाली पाणी दिसलं, तर स्वयंपाकी घाईत होता. कट्टर शाकाहाऱ्यांनी मात्र जपून, पेकोरिनो रोमानो कोकराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसाने, विरजतात. त्यांच्यासाठी पित्झा रोस्सा: टोमॅटो, तेल, चीज नाहीच. कापून वजनावर मिळतो. पाटीवरचा भाव बहुतेकदा ‘एत्तो’चा, म्हणजे 100 ग्रॅमचा असतो, तो अख्ख्या तुकड्याचा समजून लोक काउंटरवर हुज्जत घालतात.

पाणी विकत घेऊ नका. रस्त्यातल्या लोखंडी नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, ती प्यायची.

चारनंतर सान्ता मारिया देल पोपोलो. चेराझी चॅपेलच्या उजव्या भिंतीवर संत पॉल: घोडाच घोडा, आणि खाली हात पसरून पडलेला माणूस. डावीकडे पीटरचा क्रूस पाठीने उचलणारा मजूर. दोन्ही चित्रं तिरकीच बघावी लागतात, समोर जायला जागाच नाही. मधोमध वेदीवर, मानाच्या जागी, आनीबाले कार्राची या त्याच काळातल्या चित्रकाराचं रंगीबेरंगी चित्र आहे. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, बिचारा.